पुण्याला गेलेली माणसं

वृषाली खरमाटे सकाळी पावणेआठला घराबाहेर पडली, तेव्हा तिचा डावा घोटा हलकेच थरथरला आणि ती डावीकडे वळली. खताच्या दुकानापाशी उजवा घोटा थरथरला, ती उजवीकडे वळली. पुढे दोन्ही घोट्यांना एकदम दोन ठोके बसले. म्हणजे ओळखीचं माणूस जवळ आलं होतं. तिने समोर पाहिलं तर शाळेतल्या एका मुलीची आई दुधाची किटली घेऊन येत होती. दोघी हसल्या, जनगणनेच्या कामाबद्दल चार शब्द बोलल्या आणि आपापल्या घोट्यांच्या मागे निघून गेल्या.

कंपनीने या वस्तूला ‘पथदर्शी’ असं भारदस्त नाव दिलं होतं, पण करंजपुरात ते कुणी जिभेवर घेतलं नाही. घोट्यांत घालायच्या त्या रबरी कड्यांना गावाने पहिल्याच आठवड्यात ‘वाळे’ म्हणून टाकलं. बारशाला नाही घातले, ते आता साठीला घातले, अशी म्हाताऱ्यांची थट्टा काही दिवस चालली. मग थट्टा करणाऱ्यांनीही वाळे घेतले. कुठे जायचं ते एकदा सांगून ठेवलं की पुढचं सगळं पायच बघत. रस्त्याने फोनमध्ये डोकं घालून चालणारी माणसं दिसेनाशी झाली, अपघात कमी झाले. माणसाने अखेर मान वर केली, असं वर्तमानपत्रांनी कौतुकाने लिहिलं. मान वर झाली होती हे खरंच होतं. वर झालेल्या मानेवरचे डोळे काय बघतात, हे विचारायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

वृषालीला ते एकदा जवळजवळ सुचलं होतं. ती नगरपालिकेच्या शाळेत चौथीला शिकवायची. मागच्याच महिन्यात तिने मुलांना परिसर अभ्यासाच्या तासाला घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता काढायला सांगितला होता. अठ्ठावीस मुलांनी अठ्ठावीस सरळ रेघा काढल्या. एका टोकाला घर, दुसऱ्या टोकाला शाळा, मध्ये काही नाही. देऊळ नाही, ओढा नाही, वळणसुद्धा नाही. ती रागावली, आणि ‘असं काढायचं’ म्हणून फळ्यावर स्वतःच्या घरापासून सुरुवात केली. खडू थोडा पुढे गेला आणि थांबला. खताचं दुकान आधी येतं की पाण्याची टाकी, ते तिला सांगता येईना. तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि तिला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची लाज तिला अजून वाटत होती.

आज घरयादीचा शेवटचा दिवस होता. बाजारपेठेमागचा एक गट तिच्याकडे प्रगणक म्हणून आला होता. गटातलं प्रत्येक घर मोजायचं, नंबर टाकायचा आणि त्या भागाचा नजरी नकाशा काढायचा. संध्याकाळी पाचला यादी बंद होणार होती. एकदा बंद झाली की दहा वर्षं तीच खरी धरली जाणार, आणि तिच्यावरूनच वाळ्यांचा नवा नकाशाही तयार होणार होता. वृषालीची घरं मोजून झाली होती. चौसष्ट.

तिच्यावरचे पर्यवेक्षक दिनकर भोकरे नगरपालिकेत कारकून होते. अकराच्या सुमारास त्यांनी तिला कचेरीत बोलावून घेतलं. जुन्या यादीत पंच्याहत्तर घरं होती, तिची अकरा कमी भरत होती. भोकऱ्यांना त्याचं फारसं काही वाटलेलं दिसलं नाही. घरं पडली असतील, माणसं पुण्याला गेली असतील, असं म्हणून त्यांनी एक कागद पुढे सरकवला. ‘सदर घरे आढळून आली नाहीत’ एवढ्यावर तिने सही केली की जेवायच्या आत दोघंही मोकळे होणार होते.

सही करायच्या आधी तिने जुना नकाशा मागितला. भोकऱ्यांनी कपाटातून पिवळी पडलेली घडी काढली. नकाशा वृषालीनेच काढलेला होता. दहा वर्षांपूर्वी हाच गट तिच्याकडे होता, ते तिच्या लक्षातही होतं. घराच्या चौकोनावर इवलंसं तिरकं छप्पर काढायची तिची खोड प्रत्येक घरावर दिसत होती. रेवणकरांचं सायकलचं दुकान एकतीस नंबरला, लाँड्री त्रेचाळीसला. आणि दोघांच्या मधून आत गेलेली एक अरुंद दुहेरी रेघ, तिच्यावर लिहिलेलं ‘गवंडी बोळ’. बोळात अकरा घरं, एक हातपंप, शेवग्याचं झाड. सदतीस नंबरच्या घराशेजारी बारीक अक्षरात टिपण होतं: ठोसर बाई. चहा, थालीपीठ.

ती त्या ओळीकडे बघत राहिली. थालीपीठ तिला आठवत होतं. कडेला टवका उडालेली ताटली आठवत होती, लोण्याचा गोळासुद्धा आठवत होता. ज्या घरात बसून ते खाल्लं ते घर आठवत नव्हतं.

“ठोसर बाई पुण्याला असतात ना हल्ली?” ती म्हणाली.

“हो, मुलाकडे,” भोकरे म्हणाले. “चार वर्षं झाली की.”

वृषालीनेही मान डोलावली. बाई मुलाकडे गेल्या हे तीही चार वर्षं ऐकत आली होती आणि दुसऱ्यांना सांगत आली होती. मग तिच्या लक्षात आलं. ठोसर बाईंनी लग्नच केलं नव्हतं. सगळ्या गावाला हे माहीत होतं. भोकऱ्यांना तर असायलाच हवं होतं, कारण ते बाईंच्याच हातचा मार खाऊन चौथी पास झाले होते.

“भोकरे, बाईंना मुलगा कुठला?”

भोकऱ्यांचा चेहरा क्षणभर कोरा झाला. मग चेहरा पुन्हा होता तसा झाला.

“मग भाच्याकडे असतील,” ते म्हणाले आणि त्यांनी पेन तिच्यापुढे धरलं.

तिने पेन घेतलं नाही. तासाभरात येते, असं सांगून ती नकाशासकट बाहेर पडली. मागच्या वर्षी बाईंचा फोन आला होता, ते तिला आता लख्ख आठवत होतं. अगं, ये ना एकदा, असं बाई म्हणाल्या होत्या, आणि तिने उत्तर दिलं होतं की तुम्ही पुण्याहून आलात की भेटूच. त्यांनी हळूच फोन ठेवला होता.

रेवणकरांच्या दुकानापासून लाँड्रीपर्यंत ती तीनदा चालली. दुकान, भिंत, लाँड्री. भिंत साधी, मळक्या चुन्याची, गावातल्या कुठल्याही भिंतीसारखी. तिच्याकडे नजर लावून बघायला गेलं की डोळ्यांना कंटाळा यायचा आणि ते आपोआप पुढे सरकायचे. पंक्चर काढत बसलेल्या रेवणकरांना तिने विचारलं, तुमच्या दुकानाच्या त्या बाजूला काय आहे? लाँड्री, ते म्हणाले. भिंतीला भिंत लागूनच आहे. मग पावसाळ्यात तिकडची भिंत ओली होते का, असं तिने विचारलं. रेवणकरांनी त्या बाजूला बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि मग पुन्हा ट्यूबला पॉलिशपेपर घासायला लागले. तिने प्रश्न विचारला होता, हे ते विसरून गेले होते. त्यांच्या पायांत वाळे होते. तिच्याही होते.

तिने बाईंचा नंबर लावला. घंटा वाजायला लागली, कुणी उचलला नाही. तिने फोन कानापासून दूर केला तरी घंटा ऐकू येतच होती, बारीक, जुन्या चालीची. समोरच्या भिंतीतून येत होती. रस्त्याने जाणाऱ्या दोघातिघांनीही ती ऐकली असावी, कारण त्यांनी चालता चालता आपापले खिसे चाचपले.

वृषाली दुकानाच्या पायरीवर बसली आणि तिने दोन्ही वाळे काढून पिशवीत टाकले. घोटे उघडे पडल्यावर पाय पोकळ झाल्यासारखे वाटले. उभी राहिली तर रस्ता एका बाजूला कलंडलेला, आणि सगळ्या दिशा सारख्याच. चाळिशीला आलेली बाई भर बाजारात रडकुंडीला आली. आता वाळे पुन्हा घालावेत, सही करावी आणि घरी जावं, असं तिला मनापासून वाटलं.

चौथीत असताना ठोसर बाई वर्गाला घेऊन गावात फिरवायच्या. प्रत्येकाने घरं उजव्या हाताला ठेवायची, भिंतीला हात लावून चालायचं आणि परत आल्यावर हाताला काय काय लागलं ते कागदावर काढायचं. डोळे फसतात, हात फसत नाही, असं त्या म्हणायच्या. वृषालीने डोळे मिटले आणि उजवा हात रेवणकरांच्या भिंतीवर टेकवला. पत्र्याचं दार लागलं. विटांचा कोपरा लागला. मग गिलावा, खरबरीत, ऊन खाऊन तापलेला. एक पाऊल, दोन पावलं. तिसऱ्या पावलाला हाताखालची भिंत संपली.

हात हवेत गेला. गार वारा होता, ओल्या मातीचा वास होता. तिने डोळे उघडले नाहीत, आधी ती हाताच्या मागे वळली आणि चार पावलं आत गेली. मग उघडले. समोर गवंडी बोळ होता.

तो कधी कुठे गेलाच नव्हता. दोन्ही अंगांना बसकी दगडी घरं, मधे फरशी, फरशीच्या सांध्यांतून गुडघाभर गवत. शेवग्याला शेंगा लगडून वाळून गेल्या होत्या, कुणी तोडल्या नव्हत्या. बहुतेक दारांना कुलुपं होती आणि कुलुपांवर गंज होता. तोंडाशी एक वाकडी पाटी पडली होती: काम चालू, रस्ता बंद. चार वर्षांपूर्वी गटाराचे पाइप टाकायला बोळ खणला होता. काम वीस दिवसांत उरकलं असणार, फरशी बसवलेली दिसतच होती. वाळ्यांच्या नकाशात ‘बंद’ची खूण करणाऱ्याने ती केली होती, पुसणाऱ्याने पुसली नव्हती. एवढंच झालं होतं. त्यानंतर एकाही घोट्याला या बाजूला थरथर झाली नव्हती.

सदतीस नंबरचं दार नुसतं लोटलेलं होतं. ठोसर बाई माजघरात चटईवर पडल्या होत्या. उजवा पाय गुडघ्यापासून सुजून काळानिळा झाला होता. चार दिवसांपूर्वी न्हाणीत घसरल्या होत्या, सरपटत चटईपर्यंत आल्या होत्या आणि उशाशीच्या तांब्यावर तगल्या होत्या. फोन कोनाड्यात, हात पुरत नव्हता. वाडीवरची पारूबाई वाळे घालत नसे, तीच काय ती बोळात येऊन दूध-भाजी ठेवून जायची, पण लेकीच्या बाळंतपणाला गेल्यामुळे तीही आली नव्हती. बाईंनी वृषालीकडे पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत आनंद नव्हता, भीती होती.

“तू खरंच आलीस का?” त्यांनी विचारलं. “का मला वाटतंय?”

वृषालीने त्यांना पाणी पाजलं, रुग्णवाहिकेला फोन केला आणि मग बाईंचा हात हातात घेऊन ती हमसून हमसून रडली. चौथीच्या वर्गात रडल्यावर बाई जसं थांबू द्यायच्या तसंच त्यांनी थांबू दिलं. मग सांगायला लागल्या. पहिल्या वर्षी टपाल बंद झालं, मग गॅसवाला, मग पाहुणे. लोक बोळाच्या तोंडापर्यंत यायचे, घुटमळायचे आणि निघून जायचे. बोळातल्यांनी वाळे घातले की तेसुद्धा घरी परतायचे नाहीत, तासन्‌तास बाजारात फिरत राहायचे. देशमाने कंटाळून सांगलीला गेले, मोमीन मिरजेला लेकीकडे. बाकीचेही असेच पांगले. बाई राहिल्या. रोज काठी टेकत रस्त्यावर जाऊन उभ्या राहायच्या.

“भेटायचे गं सगळे,” बाई म्हणाल्या. “दिसत नव्हते असं नाही. नमस्कार करायचे आणि विचारायचे, बाई, पुण्याहून कधी आलात? मी सांगायची, अरे मी इथंच आहे, गवंडी बोळात. हो का, म्हणायचे. दुसऱ्या दिवशी परत तेच. पुढं पुढं मीच सांगायला लागले, कालच आले म्हणून.”

“पण पुणं कुठून काढलं सगळ्यांनी?”

“मेंदूला भोक चालत नाही. वाट विसरली की तिथं तो भिंत बांधतो. माणूस विसरलं की त्याला पुण्याला पाठवतो. हे काही कुणी ठरवून केलेलं नाही. हाताशी असेल त्यानं बुजवायचं, झालं.”

रुग्णवाहिका दहा मिनिटांत आली आणि रेवणकरांच्या दुकानासमोर थांबून राहिली. वृषाली धावत बोळाच्या तोंडाशी गेली. चालक आणि त्याचा सोबती तिच्यापासून तीन हातांवर उभे होते. तिने हाक मारली, त्यांनी वळून पाहिलं. पेशंट आत आहे, चला, असं म्हणून ती एक पाऊल मागे सरली, आणि दोघांच्याही नजरा तिच्यावरून निसटून लाँड्रीकडे गेल्या. मॅडम आत्ता इथे होत्या ना, असं सोबती चालकाला विचारत होता. ती पुन्हा पुढे आली, पुन्हा मागे गेली. तिसऱ्यांदा तिने त्यांना वाळे काढायला सांगितलं. ड्यूटीवर वाळे काढायची परवानगी नसते, असं त्यांनी नम्रपणे सांगितलं, आणि पेशंट नक्की कुठे आहे ते पुन्हा विचारलं.

शेवटी वृषालीनेच बाईंना आणलं. लाकडी खुर्चीवर बसवून, खुर्ची गवतातून ओढत. दोन-तीन पावलांना एकदा थांबावं लागत होतं. बाई ओठ दाबून बसल्या होत्या, एकदाही कण्हल्या नाहीत. खुर्चीचे मागचे पाय गटाराची फरशी ओलांडून रस्त्यावर टेकले आणि चालकाचा चेहरा उजळला.

“अरे, ठोसर बाई!” तो वाकून पाया पडत म्हणाला. “पुण्याहून कधी आलात?”

बाईंचं हाड मोडलं होतं. आणखी दोन दिवस गेले असते तर पाय गेला असता, कदाचित बाईही, असं सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर म्हणाल्या. वृषालीने बोळाचं सांगितलं तेव्हा, मेंदूत जागा लक्षात ठेवणाऱ्या स्थानपेशी असतात, त्यांनी गावाची वही लिहून ठेवलेली असते आणि वापरली नाही की पानं गळतात, असं त्यांनी वृषालीला समजावून दिलं. सगळं पटल्यासारखं त्या बोलत होत्या. मग त्यांनी केसपेपरवर पत्ता लिहायला घेतला, गवंडी बोळ म्हणजे नेमकं कुठे ते दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा ती जागा कोरीच ठेवली.

पाचला दहा मिनिटं असताना वृषाली कचेरीत पोचली. टॅबलेटमध्ये तिने अकरा घरं भरायला घेतली, त्याने ती घेतली नाहीत. या ठिकाणी रस्ता नाही, असं तो सांगत राहिला. मग तिने कागदावर नकाशा काढला. एकतीस ते त्रेचाळीस, मधली दुहेरी रेघ, प्रत्येक घरावर छप्पर. ‘आढळून आली नाहीत’च्या कागदावर तिने सही केली नाही. भोकऱ्यांनी तिचा नकाशा फाइलला लावला, पण तो त्यांना नीट दिसत होता असं तिला वाटलं नाही. कंपनीलाही तिने तक्रार पाठवली. महिन्याभराने उत्तर आलं. आमचा निरीक्षक प्रत्यक्ष जागेवर येऊन गेला, तिथे रस्ता आढळला नाही, आपल्या सहकार्याबद्दल आभार. निरीक्षक अर्थातच वाळे घालून आला असणार.

पाय बरा झाल्यावर बाईंनी आपल्या घरी जायचा हट्ट धरला. वृषालीने आपल्याकडे राहायचा आग्रह केला, तर बाई म्हणाल्या, मी निघाले की तो बोळ खरोखरच भिंत होईल. मग वृषालीने शाळेतून खो-खोचं मैदान आखायची फक्की आणली आणि शाळेच्या फाटकापासून गवंडी बोळापर्यंत पांढरी रेघ ओढली. रोज दुपारी त्या रेघेवरून बाईंचा डबा जायला लागला. देशमान्यांना आणि मोमीनांना तिने पत्रं टाकली, पण गेलेली माणसं काही लगेच परत येत नाहीत.

वाळे तिने कपाटात ठेवून दिले. मधे एकदा, फक्त एकदा, प्रशिक्षणाला तालुक्याबाहेर जायचं होतं म्हणून दिवसभर घातले. संध्याकाळी तशीच डबा घेऊन निघाली. फक्कीची रेघ बाजारातून नीट आली, रेवणकरांच्या दुकानापाशी वळली आणि सरळ भिंतीत शिरली. वृषाली त्या भिंतीसमोर डबा धरून उभी राहिली. रेघ भिंतीच्या खाली जाताना तिला स्वच्छ दिसत होती. आणि तिला आठवलं की बाई तर पुण्याला गेल्यात, डबा उगीचच आणला. हे इतकं शांतपणे, इतकं खरं आठवलं की ती घरी जायला वळलीसुद्धा. डब्याचा चटका बोटाला बसला म्हणून थांबली. तिने तिथेच वाकून वाळे काढले, पण हात भिंतीवर ठेवायला तिला बराच वेळ धीर झाला नाही.

त्यानंतर तिने ते कधीच घातले नाहीत. सुट्टीच्या दिवशी ती उजवा हात भिंतीला लावून गाव चालायला लागली. दिवाळीपर्यंत तिच्या हाताला आणखी सहा बोळ लागले. एकात बंद पडलेली पिठाची गिरणी होती. एकात आंधळे आजोबा होते. त्यांना काही बदललंय हेच माहीत नव्हतं. लोक हल्ली कमी बोलतात, एवढंच ते म्हणाले. प्रत्येक बोळ तिने कागदावर काढला आणि प्रत्येक वेळी बाईंना नेऊन दाखवला.

वाळे नसल्याचे तोटे तिला हळूहळू कळायला लागले. ती जवळून गेली तरी कुणाच्या घोट्यांना दोन ठोके बसत नव्हते. शाळेत शिपाई तिच्याआधी दार लावून घ्यायचा. तिचा नवरा प्रशांत आपल्या औषधांच्या दुकानातून येताना बाजारात तिच्याशेजारून निघून गेला. तिने हाक मारली तेव्हा तो दचकला आणि अनोळखी बाईची मागावी तशी त्याने माफी मागितली. मग दोघं हसली. घरी आल्यावर त्याने कपाटातले वाळे काढून चार्जिंगला लावले आणि तिच्या उशाशी ठेवले. ती ते बघत जागी राहिली. बाईंचा डबा की नवऱ्याची नजर, असं कुणी तोंडावर विचारलं असतं तर बरं झालं असतं. कुणी विचारलं नाही. सकाळी तिने वाळे उचलून परत कपाटात ठेवले. तिला त्याचं वाईट वाटलं, खूप वाटलं.

आणि परवा रेवणकरांनी तिला हटकलं. ती फक्की घेऊन पुसट झालेली रेघ पुन्हा भरत होती. ते दुकानातून बाहेर आले, हात पुसले, प्रेमाने हसले.

“मॅडम, बऱ्याच दिवसांनी. पुण्याहून कधी आलात? मिस्टरांची बदली झाली ना तिकडं?”

वृषालीच्या हातातली फक्की सांडली. ती तशीच बोळात शिरली, सदतीस नंबरच्या ओट्यावर बसली आणि जे झालं ते बाईंना सांगितलं. बाई आधी हसल्या, कारण रेवणकर लहानपणापासून तसाच होता. मग त्यांचं हसू ओसरलं. त्यांनी आत जाऊन चहा टाकला, थालीपीठ लावलं आणि टवका उडालेल्या ताटलीतून तिच्यापुढे आणून ठेवलं. शेवग्याची सावली ओट्यावर आली होती. बाहेरून, अगदी पंधरा पावलांवरून, बाजाराचा आवाज येत होता.

“एक गोष्ट सारखी मनात येते गं,” बाई म्हणाल्या. “आपल्याकडची हरवलेली माणसं पुण्याला गेली म्हणतात. पण पुण्यात काय बोळ कमी आहेत? तिथं दिसेनाशी झालेली माणसं कुठं गेली म्हणून सांगत असतील?”